बिनभाड्याचा किल्ला

जुन्या वास्तू नुसत्या राखू नयेत, त्यांना नवं काम द्यावं, असं हल्ली परिसंवादांत चहापानाच्या आधी सांगतात. वसईत हे सांगायची गरज नाही. रविवारी सकाळी गावातल्या होळी भागातून किल्ल्याकडे निघा. कमानीखाली प्री-वेडिंगवाले, मागे रंगीत धूर. पलीकडे टेनिस बॉलचं क्रिकेट, स्टंपच्या जागी पोर्तुगीजांचा घडीव दगड. भिंतीवर बाणाने छेदलेली हृदयं. आणखी किती कामं द्यायची एका किल्ल्याला?

आधीचे मालकही काटकसरीच होते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि इथली एक घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात गेली. ती अजून तिथेच आहे. इंग्रजांनी आत चक्क साखरेचा कारखाना काढून पाहिला. 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, म्हणजे एका पक्षाने पुढे आयुष्यभर पस्तावायचे करारही इथे प्री-वेडिंगच्या आधीपासून होत आलेत. 2016 मध्ये कोल्डप्ले या बँडच्या गाण्याच्या व्हिडिओतही किल्ला दिसला. तेव्हा कुठे आपल्याला तो देखणा वाटला.

पुरातत्त्व खात्याची निळी पाटी तेवढी ठणठणीत आहे. नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद. पिंपळाने मात्र कुणालाही न विचारता दुसरा मजला गाठलाय. छप्पर गेलं की पाऊस भिंतीत उतरतो, सांध्यांतला चुना धुऊन नेतो, मग फटीत मूळ शिरतं. हे कळायला समिती लागत नाही.

तरीही त्या भिंती उभ्या आहेत. शेजारच्या विरारची रमाबाई अपार्टमेंट ही 2012 ची इमारत मात्र 2025 च्या ऑगस्टमध्ये कोसळली आणि 17 माणसं गेली. टिकाऊ बांधकामाच्या अभ्यासासाठी परदेश दौरा काढणाऱ्यांनी गाडी आधी किल्ल्यात वळवावी. पार्किंगला जागा आहे.

माझं मागणं साधं आहे. किल्ल्यातल्या बिनछपराच्या एका तरी चर्चवर छप्पर चढवा, आत वसईचं संग्रहालय करा, दारात तिकीट लावा आणि तो पैसा चुन्याच्या डागडुजीलाच घाला. प्री-वेडिंगवाल्यांकडून दुप्पट घ्या. लग्नाच्या खर्चात ते कुणाला कळणारसुद्धा नाही.