वैयक्तिक कुलचिन्हमीमांसा : प्रास्ताविक

ज्या ढालीवर कधीही वार होणार नाही, तिच्यावर काय रेखाटावे याचा विचार करणारे शास्त्र म्हणजे वैयक्तिक कुलचिन्हमीमांसा. या चिन्हांचा उगम बाराव्या शतकातील पश्चिम युरोपात झाला. शिरस्त्राणात मुख झाकलेला योद्धा आपला की परका, हे दुरून उमगावे हा मूळ हेतू. पुढे रणांगणातून ढाल गेली, चिन्ह राहिले. इंग्लंडमध्ये १४८४ साली स्थापन झालेले 'कॉलेज ऑफ आर्म्स' आजही योग्य शुल्क घेऊन ते प्रदान करते.

चिन्हांचे चार वर्ग संभवतात.

१. नामश्लेषी. कुलनामाचे चित्र काढणे हे याचे लक्षण. शेक्सपिअर घराण्याच्या ढालीवर भाला आहे आणि शिरोभागीचा ससाणाही भाला धरून उभा आहे. केट मिडलटन यांच्या पित्याला २०११ साली मिळालेल्या ढालीवर केट यांच्या मातेच्या माहेरच्या 'गोल्डस्मिथ' या नावास्तव सुवर्णपट्टी, आणि तीन अपत्यांस्तव ओकची तीन फळे. पाचपुते कुलाने या पूर्वोदाहरणाचा अभ्यास करावा.

२. वृत्तिदर्शक. गायक एल्टन जॉन यांच्या ढालीवर पियानोच्या पट्ट्या व ध्वनिमुद्रिका आहेत. अधिक विवेचनाची आवश्यकता नाही.

३. अस्थिनिष्ठ. या वर्गात तूर्त न्यूटन एकटाच. कृष्णवर्ण ढालीवर नडगीची दोन रुपेरी हाडे, परस्परांस छेदणारी. सफरचंद नाही.

४. मौनगर्भ. येथे अर्थ अनुपस्थित वस्तूत वसतो. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय १८५७ साली बॅरोनेट झाले. त्यांच्या ढालीवर घाटमाथ्यामागून उगवणारा सूर्य व दोन उडत्या मधमाश्या आहेत. उद्योग आणि औदार्य ही त्यांच्या ब्रीदवाक्यातील मूल्ये मधमाशी उत्तम वाहते. त्यांच्या चीनशी चाललेल्या व्यापारात कापसासह अफूही होती. अफूचे बोंड मात्र ढालीवर आढळत नाही. मौनगर्भ संप्रदायाचा हा आद्य व निर्दोष नमुना मानावा.

आता या शास्त्रातील सर्वांत दारुण प्रश्नाकडे वळू. सुवर्ण (म्हणजे पिवळा) व रजत (म्हणजे पांढरा) हे दोन 'धातू'. रक्त, नील, कृष्ण, हरित व जांभळा हे प्रमुख 'वर्ण'. धातूवर धातू नसावा, वर्णावर वर्ण नसावा, हा मूलनियम. दुरून दिसावे, एवढेच त्याचे प्रयोजन. परंतु नामश्लेषी पद्धतीने दहिभाते कुलाचे चिन्ह रचताच हा नियम कोसळतो. भात रजत, त्यावरील दही रजत, आणि ताटलीही बहुधा स्टीलची.

यावर दोन संप्रदाय उद्भवतात. नैसर्गिकवर्णवादी म्हणतात की, वस्तू स्वतःच्या स्वाभाविक रंगात रेखाटली असता मूलनियम तिला लागू होत नाही. शास्त्रतः हे निर्विवाद आहे. युरोपीय परंपरेत अशी सवलत खरोखरच आहे. तथापि सवलत मिळाल्याने दहीभात दिसू लागत नाही. यास्तव फोडणीवादी संप्रदाय मध्यभागी तडतडलेल्या मोहरीची कृष्णवर्ण तिरपी पट्टी योजतो आणि वर कढीपत्त्याचे एक हरित पान ठेवतो. फोडणीवाद्यांतही मिरचीविषयी तीव्र मतभेद आहेत. हिरवी मिरची वर्णभेद साधते. सांडगी मिरची केवळ रुचिभेद साधते, म्हणून ती त्याज्य.

सहस्रबुद्धे कुलाचा प्रश्न तूर्त स्थगित ठेवणे इष्ट. एवढ्या बुद्धी मावतील अशी ढाल अद्याप घडलेली नाही.

चिन्हचौर्याची शंका असल्यास लंडनमधील 'कोर्ट ऑफ शिव्हलरी' हे न्यायपीठ उपलब्ध आहे. मँचेस्टर नगराचे चिन्ह एका नाट्यगृहाने पडद्याच्या वरच्या झालरीवर झळकवल्याच्या वादात ते १९५४ साली बसले आणि निकाल नगराच्या बाजूने लागला. त्यापूर्वीची बैठक दोन शतकांहून अधिक जुनी होती. सबब दहिभाते कुलाने तेथील निवाड्याची प्रतीक्षा न करता फोडणी तत्काळ घालावी. लोणच्याला मात्र ढालीवर स्थान नाही. ते ढालीबाहेर, उजव्या अंगास असावे.