गोळीचाही ताळेबंद मांडा

हिवरे बाजारच्या ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, प्यायला किती, पिकाला किती. पाऊस कमी, तर पिकंही कमी पाण्याची. याच गावानं लग्नाआधी एचआयव्ही चाचणीचा नियम केला. ज्या आजाराचं नाव घरात निघत नव्हतं, तो थेट ग्रामसभेत आला.

मग नैराश्याचं नाव काढताच गावोगाव आवाज का उतरतो?

‘बाहेरचं असेल.’ ‘त्या झोपेच्या गोळ्या, सवय लागेल.’ हे झालं घरच्यांचं. दवाखान्यात काय सांगतात? ‘मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडलंय, गोळीनं भरून निघेल.’ ऐकायला सोपं, पटायलाही सोपं.

पण पुरावा कुठाय?

२०२२ मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीचं संशोधन तपासलं. नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, याला ठोस आधार सापडला नाही. लगेच आरोळी उठली, गोळ्या थोतांड!

घाई नको. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नैराश्यावरच्या औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला. एकवीसच्या एकवीस औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. फरक डोळे दिपवणारा नाही, पण आहे. कारण चुकीचं सांगितलं म्हणून औषध खोटं ठरत नाही.

गोळी करते काय? मेंदूतल्या एका पेशीनं सोडलेलं सेरोटोनिन तीच पेशी परत ओढून घेते. फ्लुओक्सेटीनसारखी नैराश्यावरची गोळी ती ओढ अडवते. म्हणजे गोळी नवं पाणी आणत नाही, असलेलं अडवते. पाणी अडवणाऱ्या हिवरे बाजारला हे वेगळं समजवायला हवं का?

अडवणं काही तासांत सुरू होतं. माणूस सावरायला मात्र आठवडे लागतात. पेशी त्या वाढीव सेरोटोनिनशी हळूहळू जुळवून घेतात, त्यांच्यातले दुवेही बदलत असावेत. तोवर मळमळ, उडालेली झोप, कधी वाढलेली बेचैनी. तरुण पोरगा असेल तर या दिवसांत घरच्यांनी त्याला एकटं सोडू नये, मरणाचे विचार वाढू शकतात.

हे आधी कुणी सांगतच नाही. दहाव्या दिवशी पाकीट फडताळात जातं.

कुणी नेटानं घेतो, बरा होतो आणि एका सकाळी अचानक बंद करतो. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके. गाव म्हणतं, ‘बघा, व्यसन लागलं.’ व्यसन नव्हे! सरावलेल्या मेंदूचा आधार एका दिवसात काढला, तर तो लटपटणारच. डोस डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं उतरवायचा असतो.

आणि एकटी गोळी पुरते कुठं? गोव्यात संशोधक विक्रम पटेल यांच्या चमूनं मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवलं. तिथले रुग्ण नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त सावरले. २०१० मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

फ्लुओक्सेटीन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं आपल्या आरोग्य केंद्राला विचारावं: साठा किती, पुढच्या महिन्यात किती लागणार, आणि रुग्णाशी बोलायला कोण बसतं?