पाणसळकाका

“अरे, दहा मिनिटांचं काम आहे,” असा फोन शनिवारी सकाळी सातला आला की मी त्या दिवसाच्या जेवणावर पाणी सोडतो. पाणसळकाकांची दहा मिनिटं काय असतात ते अख्ख्या डेन्व्हरातल्या मराठी मंडळींना ठाऊक आहे.

हे नाव त्यांना गणपतीत पडलं. आरतीला सगळे उभे, ताम्हणात कापूर पेटलेला, आणि काकांनी खिशातून गवंड्याची पाणसळ काढून मखरातल्या पाटावर ठेवली. “थांबा! डावीकडे कललाय.”

“डाव्या सोंडेचाच आहे काका,” गुरुजी म्हणाले.

“सोंडेचं कोण बोलतंय? पाट कललाय.”

कार्यक्रमपत्रिकेची चौघडी करून पाटाखाली सरकवेपर्यंत कापूर विझला होता. पुढच्या वर्षी कुणाच्या तरी मुंजीत बहुल्यावर पाणसळ. एकदा माझ्या बायकोच्या ढोकळ्यावर. (ढोकळा एका बाजूला फुगला होता हे खरं, पण ते सांगायला पाणसळ लागत नाही, आणि सांगायचंही नसतं.)

असा माणूस निवृत्त झाल्यावर गप्प बसला असता तर बरं होतं. त्यांनी कॅम्पर घेतला. पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायची दीड खोली: गादी, शेगडी, बेसिन, संडास. तिच्या चार कोपऱ्यांना चार जॅक. हत्तीवर अंबारी चढवतात तसाच प्रकार, फक्त इथे अंबारी स्वतःच्या चार पायांवर उभी राहते आणि हत्ती मागच्या मागे चालत तिच्या पोटाखाली शिरतो. मग पाय आखडायचे, अंबारी हौद्यात टेकते. काकांच्या कॅम्परचे जुने जॅक वाकलेले होते. नवे निवडायला त्यांना तीन महिने लागले, आणि ते तीन महिने आम्हाला त्यांच्याबरोबर काढावे लागले.

“पत्रकातलं वजन कोरडं असतं,” ते कुणालाही धरून सांगत. “टाकीत तीस गॅलन पाणी भरलं की एकशे तेरा किलो वाढले. गॅसच्या टाक्या वेगळ्या. बॅटरी वेगळी.”

“माझा मसाल्याचा डबा धरलात का?” काकूंनी विचारलं. त्यांना वाटलं विनोद झाला. काकांनी डबा तोलून वहीत लिहिला.

आणि एकूण वजनाला चारनं भागायचं नाही, बरं का! मी भागलं होतं. त्यावर मला चौरंग आणून दाखवण्यात आला. तिवई कधी डगमगत नाही. चौरंगाचा एक पाय तोकडा असला की भार समोरासमोरच्या दोन पायांवर जातो आणि बाकीचे दोघे नुसते उभे असतात. “मंडळाच्या कार्यकारिणीसारखे,” काका म्हणाले. म्हणजे दोन पायांनी जवळजवळ सगळा बोजा पेलावा, एवढ्या ताकदीचे जॅक हवेत. वर त्यांच्या ट्रकला मागे जोडचाकं, त्यामुळे पुढचे दोन जॅक बाहेरच्या बाजूला वळणाऱ्या कंसांवर हवेत, नाहीतर ट्रक आत घेताना चाकांवरचा पत्रा घासणार. हातानं फिरवायचे की विजेवरचे? काका कट्टर हातवाले. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल त्यांनी आम्हाला ऐकवलं. आणि मग विजेवरचेच आणले. विचारलं तर म्हणाले, “सेलमध्ये मिळाले.”

बसवायच्या दिवशी, अर्थात शनिवारी, पहिला जुना कंस काढला तर स्क्रूबरोबर काळं ओलं भुसकट बाहेर आलं. वर्षानुवर्षं पाणी झिरपून कोपऱ्यातलं लाकूड कुजलं होतं. दहा मिनिटांचे तीन शनिवार झाले. नवं लाकूड, आरपार बोल्ट, कंसामागे ब्यूटाइलची चिकट पट्टी. आणि दर दोन बोल्टांमागे पाणसळ.

खरी गंमत उचलताना आली. जॅकचा नियम असा की चारही कोपरे थोडेथोडे आळीपाळीनं चढवायचे, आणि कॅम्परचं नाक शेपटीपेक्षा किंचित वर ठेवायचं. वर! म्हणजे बुडबुडा मध्यावर येऊन चालणार नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा काकांना धर्मसंकटात पाहिलं. पाणसळ ठेवायचे, बुडबुडा सरकलेला बघायचे आणि परक्या माणसाचा मार खाल्ल्यासारखे मान फिरवायचे. त्या दुःखात ट्रक आणि कॅम्पर यांच्यामधली विजेची वायर काढायची राहिली. मी ट्रक पुढे घेतला, फट्‌ असा आवाज झाला आणि नाळ तुटली. दोष कुणाचा? माझा. वायर काढलीय का हे विचारायचं मला सुचलं नाही, म्हणून.

दोन उन्हाळे ते दोघं खूप फिरले. पुढे काकांच्या डोळ्यांनी दगा दिला, गाडी बंद झाली. ट्रक विकला. कॅम्पर मात्र घरासमोर चार पायांवर उभा आहे, हत्ती गेलेल्या अंबारीसारखा. उन्हाळ्यात डांबर मऊ होऊन पाय रुततात, थंडीनंतर खालच्या फळ्या सरकतात. म्हणून परवा पुन्हा फोन आला. सातलाच.

बुडबुडा आता काकांना नीट दिसत नाही. मी वाचायचं, त्यांनी बटण दाबायचं. कॅम्पर इंच इंच खाली आला, जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत. एवढा खाली कशाला, मी विचारलं.

“पाय आखूड असले की डुलत नाही,” काका म्हणाले. हे खरंच आहे. तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि दुखऱ्या गुडघ्यानं, कठड्याला हात न लावता, एका पायरीत आत गेल्या. हातानं फिरवायचे जॅक असते तर प्रत्येक मुक्कामी एवढं खाली आणायला काकांना अर्धा तास लागला असता. सेलमध्ये मिळाले म्हणे!

आम्ही तिघं त्या इवल्या टेबलाशी बसलो. खिडकीतून समोरच्यांचं गॅरेज दिसत होतं. काकूंनी शंकरपाळे काढले. मसाल्याचा डबा अजून त्याच कप्प्यात होता. काका टेबलावर पाणसळ ठेवून नाक टेकेपर्यंत वाकले.

“अरे,” ते म्हणाले, “तू जरा हिच्या बाजूला सरक बघू.”