मूल सुधारण्याची सुलभ पद्धत : भाग पहिला

ज्यांचं मूल पहिली ते चौथीत आहे आणि ज्यांना पालकपणाचा पूर्वानुभव नाही, त्यांच्यासाठी ही पुस्तिका. आपण स्वतः कधीकाळी मूल होतो, हा अनुभव इथे धरला जात नाही. बहुतेकांना तो आठवत नाही, आणि ज्यांना आठवतो त्यांच्या हातून ही पद्धत नीट राबवली जात नाही.

सुरुवात आदल्या रात्री करावी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. ते मनावर घेऊ नये. आपली मालिका संपेपर्यंत मुलाला जागं ठेवावं आणि सकाळी सहाला पांघरूण ओढावं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये शाळांना कळवलं, तेव्हा दोन पाळ्यांचं काय, रिक्षावाल्या काकांचं काय, आमच्या ऑफिसचं काय, असे रास्त प्रश्न निघालेच. झोपेचं काय, हा त्यात कुठेतरी मागच्या बाकावर होता. अर्धवट झोपेतून उठलेलं मूल दात घासताना रडू लागलं, की ‘मुळातच चिडका, आजोळावर गेलाय’ असं निदान करावं. (हे बाबांनी म्हणायचं. आईसाठी ‘तुमच्या घराण्यातूनच आलंय’ हा पर्यायी पाठ आहे.)

आता मुख्य तंत्र : धाकाची अदलाबदल. हे नीट शिकून घ्यावं, बाकी सगळं यावरच उभं आहे. घरी मूल ऐकेना, की ‘थांब, उद्या तुझ्या बाईंनाच सांगते’ म्हणावं. शाळेत ऐकेना, की बाई म्हणतात, ‘उद्या आई-बाबांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसायचं नाही.’ अशा रीतीने शाळा हा घरचा बागुलबुवा होतो आणि घर हा शाळेचा. पालक आणि शिक्षक यांच्यातल्या ज्या सहकार्याबद्दल सभांमध्ये भाषणं होतात, ते प्रत्यक्षात एवढंच असतं, आणि ते बिनखर्चाचं आहे. याचा मोठा फायदा असा, की कुठलीच गोष्ट कुणालाच सांगायची सोय मुलाला उरत नाही. रिक्षात मोठी पोरं रोज डबा हिसकावतात, वाचताना अक्षरं हलल्यासारखी वाटतात, बाथरूमला जाऊ का हे विचारायची भीती वाटते, यातलं काहीही आपल्यापर्यंत येत नाही. घरात शांतता राहते.

या तंत्रात कायद्याची थोडी आडकाठी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारायला बंदी आहे. त्यामुळे अंगठे धरून उभं करणं, कोंबडा करणं हे जुने प्रकार आता निदान उघडपणे करता येत नाहीत. पालकसभेत ‘बाई, खुशाल दोन ठेवून द्या, आमची काही तक्रार नाही’ असं सांगून बाईंना धीर द्यावा. गुन्हा त्यांच्या नावावर लागेल, आपल्या नव्हे. त्याच कलमात मानसिक छळालाही बंदी आहे, पण ते शब्द सहसा कुणी वाचत नाही. त्यामुळे चाळीस मुलांसमोर ‘ढ’ म्हणणं, कमी मार्कांचा पेपर उंच धरून दाखवणं बिनदिक्कत चालू आहे.

वर्ष संपत आलं की प्रगतिपुस्तक येतं. महाराष्ट्रात त्यात नुसते गुण किंवा श्रेणी नसतात, ‘वर्णनात्मक नोंदी’ असतात. त्यांचे तीन रकाने : विशेष प्रगती, आवड वा छंद, आणि सुधारणा आवश्यक. कल्पना फार चांगली होती. बाईंनी वर्षभर मुलाकडे पाहावं आणि जे दिसलं ते लिहावं. मात्र हातात जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामं आणि समोर भरलेला वर्ग असताना पाहायला वेळ कुठला? म्हणून तयार नोंदींच्या याद्या फिरतात, त्यातून वाक्यं उतरवली जातात. ‘वर्गात शांत बसतो’ हे विशेष प्रगतीत येतं. ‘वर्गात फार बोलतो’ हे तिसऱ्या रकान्यात. दोन्ही मुलं एकाच बाकावर बसून एकमेकांशी बोलत होती, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

नवशिक्याने फक्त तिसरा रकाना वाचावा, तोही मोठ्याने, पाहुणे असताना. पहिल्या रकान्यात चुकून ‘गोष्ट सांगताना प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढते’ असं लिहिलेलं आढळलं, तर सावध व्हावं. या बाईंनी खरोखर मुलीकडे पाहिलेलं आहे. अशा बाई मुलांना लाडावून ठेवतात.

एक धोक्याची सूचना. काही मंडळींच्या नादाला नवशिक्यांनी अजिबात लागू नये. ताराबाई मोडक घ्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या, १९४५ मध्ये बोर्डीला तेच काम उभं केलं आणि पुढे अनुताई वाघांसह डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. आपल्या पद्धतीप्रमाणे मुलं आळशी आणि आईबाप बेफिकीर ठरवून फाइल बंद करता आली असती. या बायकांनी काय केलं, तर शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखायला गेलेली पोरं तरीही सापडेनात, तेव्हा शाळा कुरणात भरवली. गुरं चरताहेत आणि शेजारी शिकणं चाललंय. मुलाला रागवायचं सोडून मोठ्यांनी आपलीच व्यवस्था बदलायची, हा पायंडा एकदा पडला की कुठे थांबेल सांगता येत नाही. उद्या कुणी म्हणेल, आधी टीव्ही बंद करा.

शेवटी एक शंका, जी बहुतेक पालक विचारतात : ‘आज शाळेत काय झालं, असं विचारलं तर मूल “काही नाही” एवढंच म्हणतं. पद्धत चुकतेय का?’

मुळीच नाही, पद्धत लागू पडते आहे. धोका वेगळ्याच वेळी असतो. आपण मटार सोलत बसलेलो असतो, काहीही विचारत नसतो, आणि मूल शेजारी येऊन दोन शेंगा सोलतं आणि आपण होऊन सांगू लागतं : पुढच्या बाकावरच्या मुलाचा दात पोळी खाताना पडला, त्याने तो खिशात ठेवला, मग कुणीतरी त्याला हसलं, आणि मग मी ना... इथे क्षणाचाही विलंब न लावता विचारावं, ‘ते असू दे, गणिताचा पेपर मिळाला का?’

मूल उठून जाईल. उरलेले मटार आपण सोलावेत.