शहाण्यांनी घेऊ नये असा स्पीकर

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरला दोन गोष्टी सोसत नाहीत : धूळ आणि दमट हवा. बेळगाव ते निपाणी हा पट्टा या दोन्हींचं माहेरघर आहे. तंबाखूच्या हंगामात निपाणीच्या वखारींच्या आसपास असा खकाणा उडतो की नवखा माणूस शिंकून बेजार होतो. बेळगावच्या वडगाव-खासबागेत यंत्रमागांवरून सुटलेले सुताचे तंतू हवेत तरंगत असतात. आणि एकदा जून लागला की बेळगावात जी झड बसते, तिच्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशा मुलखात हा स्पीकर आणून घरात होम थिएटर उभारणं हा वेडेपणा आहे, आणि मी त्याची शिफारस करतो. मनापासून करतो.

नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा किंवा तसल्याच कशाचा शंकू असतो, त्याच्या बुडाशी तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये यातलं काहीच नाही. छिद्रं पाडलेल्या धातूच्या दोन जाळ्या, आणि त्यांच्या मधोमध ताणलेला पॉलिएस्टरचा पडदा. त्याची जाडी मॉडेलप्रमाणे साधारण ४ ते १२ मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. या पडद्यावर काही हजार व्होल्टचा विद्युतभार ठेवलेला असतो, प्रवाह मात्र नगण्य. अॅम्प्लिफायरकडून आलेला संकेत ट्रान्सफॉर्मरनं अनेक पटींनी चढवून दोन्ही जाळ्यांना उलटसुलट दिला जातो. एक जाळी पडद्याला ओढते त्याच क्षणी दुसरी ढकलते. शंकूला बुडाशी धक्का बसतो आणि त्याची कड मागून हलते; इथे पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम हलतो. तो इतका हलका असतो की त्याला चिकटून असलेली हवाच त्याच्याहून जड भरते. त्यामुळे आवाज सुरू व्हायचा तेव्हा सुरू होतो आणि थांबायचा तेव्हा थांबतो. तबल्यावरची चाट आणि तिच्यामागून येणारी आस वेगवेगळी ऐकू येते. तंबोऱ्याच्या चार तारा एकात एक मिसळतात, तरी चारही मोजता येतात.

व्यवहारी जगानं हा स्पीकर फार लवकर नाकारला, आणि त्याची कारणं रास्त होती. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग १९२०च्या दशकात स्पीकरच्या निरनिराळ्या रचना तपासत होते, त्यांत इलेक्ट्रोस्टॅटिकही होती. १९२५ मध्ये त्यांनी शंकू-वेटोळ्याचा स्पीकर जगापुढे मांडला. तो स्वस्त होता, दणकट होता, धूळ खाऊनही बोलत राहायचा. जगानं तो उचलला, आणि चहाच्या हॉटेलापासून रेडिओपर्यंत सगळीकडे तोच बसला. दुसरी वाट इंग्लंडच्या पीटर वॉकर यांच्यासारख्या थोड्या हट्टी माणसांनी चालू ठेवली. त्यांचा क्वाड इएसएल हा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ मध्ये बाजारात आला. त्याच्या पुढच्या स्पीकरचं काम १९६३ मध्ये सुरू झालं आणि तो लोकांच्या हाती पडला १९८१ मध्ये. मधली अठरा वर्षं एका पडद्यावर खर्च झाली. इतका वेळ एखाद्या गोष्टीला देणारा माणूस मला गायकाच्या जातीचा वाटतो.

गायकाचा विषय मी मुद्दाम काढला. ज्या मायक्रोफोनांनी आपल्या थोर गायकांचे आवाज टिपले त्यांत कंडेन्सर मायक्रोफोनचं स्थान मोठं आहे. तो ई. सी. वेंट यांनी अमेरिकेतल्या बेल कंपनीसाठी १९१६ मध्ये तयार केला. त्यातही भारित पातळ पडदाच असतो. गळ्यातून निघालेली हवा त्याला हलवते आणि त्या हालचालीची वीज होते. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर म्हणजे हीच क्रिया उलटी फिरवलेली. अशा मायक्रोफोनपुढे गायलेला षड्ज आपल्या घरात तशाच जातीच्या पडद्यावरून बाहेर पडतो. ही नातेवाईक जोडी मधल्या कागदाच्या शंकूला वगळून एकमेकांशी बोलते. निव्वळ एवढ्यासाठीसुद्धा हा खर्च करावा असं मला वाटतं.

आणि तो आमच्याच भागात करावा. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीत शिवपुत्र कोमकली जन्मला, त्याला जग कुमार गंधर्व म्हणून ओळखतं. क्षयानं त्यांचं एक फुफ्फुस निकामी केलं. त्यानंतर त्यांनी जे गाणं उभं केलं त्यात श्वासाची जागा स्वराइतकीच महत्त्वाची आहे. कुठे तुटायचं, किती थांबायचं, पुन्हा केवढ्या झोतानं यायचं, हे सगळं गाण्याचा भाग झालं. साध्या स्पीकरवर तो श्वास तबल्याच्या आवाजात बुडतो. इलेक्ट्रोस्टॅटिकवर तो वेगळा उभा राहतो, आणि पुढचा स्वर कुठून येणार हे एक क्षण आधी कळतं. सुळेभावीच्या मुलाचा श्वास सुळेभावीच्या शेजारी नीट ऐकू यावा, ही मागणी अवाजवी आहे असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

शिवाय या मातीत असल्या वेडाला परंपरा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ संगीतात बसवून रंगभूमीवर आणलं आणि मराठी माणसाला नाटकातलं गाणं दिलं. त्याच गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. तोवर दुकानातला तो नांगर कुणाला शहाणपणाचा वाटला असेल? पु. ल. देशपांड्यांनी ज्या रावसाहेबांना मराठी वाचकांच्या घराघरांत नेलं, तेही बेळगावचेच; गाण्यापुढे हिशेब विसरणारी ती जात इथे अजून संपलेली नाही. अल्लादिया खाँसाहेबांचं कोल्हापूर आणि मल्लिकार्जुन मन्सूरांचं धारवाड यांच्या मधोमध आम्ही राहतो. निपाणी आणि बेळगाव या रस्त्यावरची गावं. कान इथे फुकट तयार होतात, स्पीकरला तेवढे पैसे पडतात.

आता मांडणी. हा स्पीकर पुढे जितका वाजतो तितकाच मागे वाजतो, आणि मागचा आवाज पुढच्याच्या बरोबर उलट असतो. म्हणून तो भिंतीला टेकवून चालत नाही. मागे किमान तीन फूट जागा सोडावी. भिंतीवरून परतणारा आवाज मग साधारण पाच-सहा हजारांश सेकंद उशिरा येतो आणि कान त्याला खोलीचा आवाज म्हणून स्वीकारतो. दिवाणखान्याचा एवढा भाग मोकळा ठेवला की पाहुणे विचारतात, ‘ही जागा अशी सोडलीसा कशाला?’ त्यांना बसवून एक भैरवी ऐकवावी. दोन्ही बाजूंना मात्र पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना पुसून टाकतात, तिथे स्पीकर जवळजवळ मुका असतो. शहापुरातल्या किंवा टिळकवाडीतल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत हा केवढा उपकार आहे! रात्री दरबारी लावावा आणि शेजारच्या परीक्षेच्या मुलाची झोपमोड कमीत कमी व्हावी, ही सोय दणकट स्पीकरमध्ये नाही.

कोन ठरवायला बॅटरी लागते, आपली हातातली. ऐकायच्या खुर्चीत बसून तिचा झोत स्पीकरच्या वाकवलेल्या जाळीवर टाकायचा. प्रतिबिंब आतल्या बाजूच्या तिसऱ्या भागात दिसलं पाहिजे. दुसऱ्या स्पीकरचंही तसंच. मग इंचाइंचानं हलवत राहायचं. वूफर जोडलेला संपूर्ण स्पीकर चांगला जड असतो, म्हणून घरात धडधाकट भाऊ किंवा भाचा असावा. बैठक जमली की गायिका दोन स्पीकरच्या मधोमध, उंचीसकट, उभी राहते. खुर्चीतून एक हात बाजूला सरकलं की ती एका बाजूला कलते. खरी बैठक एकाचीच, हा दोष म्हणून सांगितला जातो. मला तो गुण वाटतो. त्या खुर्चीत जो बसेल त्यानं ऐकायचंच असतं. फोन आला तर उठून दुसऱ्याला जागा द्यायची. आमच्याकडे ही पाळी ठरलेली आहे आणि तिच्यावरून धाकट्या बहिणीशी जेवढं भांडण झालं तेवढं वाटणीवरून झालं नाही.

फरशी शहाबादी असेल तर तिच्यावर नवलगुंदचा जमखाना घालावा, चांगला जाड. उघड्या फरशीवर स, श, च ही अक्षरं कानात टोचतात. भिंत चिऱ्याची, गिलावा न केलेली असेल तर ती तशीच ठेवावी, आवाज तिच्यावर विखुरतो आणि गोड होतो. स्पीकरखाली पक्कं बूड हवं. उद्यमबागेत ओतीव काम करणाऱ्या भट्ट्या आहेत, तिथून बिडाचं जड बूड ओतून घ्यावं. किर्लोस्करांच्या नांगरानंतर बेळगावच्या बिडाला यापेक्षा चांगलं काम मिळालं असेल असं मला वाटत नाही.

अॅम्प्लिफायर निवडताना कंजुषी करू नये. या पडद्याचा स्वभाव कपॅसिटरचा, त्यामुळे स्वर जसजसा वर जातो तसतसा त्याचा रोध उतरतो. २० हजार हर्ट्झला काही मॉडेलांत तो एक ओहमच्या आसपास येतो. हलका अॅम्प्लिफायर तिथे गरम होऊन बंद पडतो. खर्ज ही पडद्याची मूळची उणीव, कारण लांब लहरी कडेनं वळून मागच्या लहरींना भेटतात आणि विरून जातात. म्हणून मार्टिनलोगनसारख्या कंपन्या खाली शंकूचा वूफर जोडतात. घरच्या सिनेमासाठी मधला स्पीकरही याच जातीचा मिळतो आणि तो जरूर घ्यावा, कारण सिनेमातलं बोलणं त्याच्यातूनच येतं. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ लावला की बाकीचे सगळे स्पीकर गप्प बसतात आणि मधला एकटा बोलतो. त्या काळच्या ध्वनिपट्टीची खरखर तो लपवत नाही. पण त्या खरखरीच्या पलीकडून विष्णुपंत पागनीस गाऊ लागले की एवढा सगळा खटाटोप त्या एका मधल्या स्पीकरसाठीच केला होता असं वाटतं.

देखभाल हा या वेडाचा सगळ्यात सुंदर भाग. भारित पडदा धूळ ओढून घेतो. ती साचली की भार गळतो, आवाज दबतो, वरचे स्वर निस्तेज होतात, कधी चटचट ऐकू येते. उपाय सोपा आहे, फक्त त्याला घाई चालत नाही. स्पीकरचा प्लग काढायचा, तारा काढायच्या, आणि पडद्यावरचा भार उतरेपर्यंत किमान सहा तास, शक्यतो रात्रभर, तसंच ठेवायचं. मग मऊ ब्रश लावलेला व्हॅक्यूम क्लीनर जाळीवरून अलगद फिरवायचा. पाणी नाही, ओलं फडकं नाही, फवारा नाही. मुलांना जाळीत काडी घालू द्यायची नाही. त्या खोलीत उदबत्ती, धूप नको. सांज झाली की देवघराचं दार ओढून घ्यावं. फोडणीचा तेलकट धूर त्याहून वाईट, कारण त्यानं धूळ चिकटून बसते. निपाणीकडचा पाहुणा आला आणि त्यानं खिशातून बिडी काढली तर त्याला अंगणात खुर्ची द्यावी आणि आपणही तिथेच बसावं, म्हणजे त्याला अपमान वाटत नाही.

वापर नसेल तेव्हा झाकण हवं, घट्ट विणीचं आणि तंतू न सुटणारं. ते वडगावच्या विणकरांकडून मागून घ्यावं. त्यांना विणीची नस कळते आणि कशासाठी हवं हे सांगितलं की ते कापड निवडून देतात. पावसाळ्यात खोलीत ओल शोषणारं यंत्र चालू ठेवावं, खिडक्या लावून घ्याव्यात. जुलैच्या ऐन झडीत कधीकधी ऐकणं थांबवावंही. रोज हवं तेव्हा बटण दाबून मिळणारं गाणं आपण स्वयंपाक करताना, भांडताना, हिशेब लिहिताना वाजवतो आणि ते कानावरून जातं. ज्याच्यासाठी हवा कोरडी करावी लागते आणि जमखाना झटकावा लागतो, ते गाणं माणूस बसून ऐकतो. हा स्पीकर सोयीचा असता तर आमच्या घरात इतकं ऐकणं झालंच नसतं.

गणपतीत डॉल्बीच्या भिंती रस्त्यावर उभ्या राहतात, तेव्हा आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं. त्या दिवसांत मी स्पीकर लावत नाही. पोरांचा उत्साह मला समजतो, पण ज्या गावात पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी हार्मोनियमवर शेकडो विद्यार्थ्यांचे हात तयार केले, त्या गावातल्या पोरांनी भात्याचा आवाज आणि सुराचा आवाज यांतला फरक एकदा तरी ऐकावा असं फार वाटतं. कुणी दार वाजवून विचारलं तर मी आत घेतो. जोडे बाहेर काढायचे, एवढीच अट. ती धुळीपायी आहे.

विसर्जन झालं, हवा कोरडी पडू लागली, की झाकणं काढून जाळ्या साफ करायचा दिवस येतो. रात्रभर थांबून सकाळी तारा जोडल्या की पहिलं काय लावायचं यावरून घरात वाद सुरू होतो. बाबा म्हणतात मन्सूरअण्णांचा शिवमत भैरव. बहीण म्हणते कुमारांची निर्गुणी भजनं, आणि खुर्ची आज माझी. आई आतून ओरडून सांगते, ‘तुकाराम लाव की रे, सगळ्यांना बसून बघता येतो.’