तीन मजली लंगोट

डायपरचा केक कापायचा नसतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण परवा एका बारशाला पाळण्याशेजारच्या टेबलावर तीन मजली गुलाबी ऐवज उभा पाहून बाळाच्या पणजोबांनी सुरी मागितली. त्यांचं काय चुकलं? वर टेडी, कडेनं सॅटिनची रिबीन, मधे गुलाबाच्या कळ्या, भोवती चुरचुर वाजणारा पारदर्शक कागद. साडेबारा वाजून गेलेले, पानं मांडायचं नाव नाही. अशा वेळी माणूस सुरीच मागणार. "अहो अण्णा, खायचा नाहीये तो," चार बायका एका सुरात म्हणाल्या. "मग आहे कशाचा?" अण्णांनी विचारलं. कुणीतरी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्या दिवशी अण्णा नुसत्या ताकावर उठले.

केक करणाऱ्या मावशी मात्र तृप्त होत्या. "विकतचा नाही हं, घरी केलाय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या आणि न विचारता कृतीही सांगत होत्या. साठेक डायपर घ्यायचे. एकेक उघड्या बाजूकडून घट्ट गुंडाळायचा आणि सुरळी सुटू नये म्हणून रबरबँड लावायचा. मधोमध पुठ्ठ्याची नळी उभी करायची आणि तिच्याभोवती सुरळ्या रचायच्या. खालचा मजला मोठा, वरचा लहान. रबरबँड दिसू नये म्हणून रिबीन, रिबीन सरकू नये म्हणून टाचणी, टाचणी दिसू नये म्हणून गुलाब. गुलाब म्हणजे बाळाचे पायमोजे, तेही गुंडाळलेले. कारखान्यात यंत्रावर घडी होऊन बंद पाकिटात येणाऱ्या वस्तूचा मोठा गुण हाच, की बाळाला लागेपर्यंत तिला कुणाचा हात लागत नाही. ते पाकीट फोडून, साठ डायपर साठ वेळा हाताळून, मग आम्ही त्याला हातानं केलेली भेट म्हणतो.

हातानं केलेलं काय असतं, ते या घरांना ठाऊक नाही असंही नाही. बाळंतविडा नावाची गोष्ट अजून पार बुडालेली नाही. आजीच्या विटक्या नऊवारीचं दुपटं, आजोबांच्या धोतराचे लंगोट, कुंची, झबली. धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाला हातशिलाई घालायची, शिवण बाळाला टोचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला घ्यायची. त्यात कुणी टेडी खोचला नाही. लंगोट दिसायला कसा आहे, याची काळजी त्या काळात कुणालाच नव्हती, कारण पुढे त्याचं काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

आता केकचा खरा प्रश्न. तो मोडायचा कुणी?

बारसं आटपतं, पाहुणे जातात आणि केक हॉलमधल्या शोकेसवर जाऊन बसतो. "किती छान केलाय, राहू दे दोन दिवस." दोन दिवसांनी नणंद येणार असते, तिला दाखवायचा असतो. मग बाळाच्या बापाच्या ऑफिसातले येणार असतात. मधल्या काळात बाळ आपलं काम थांबवत नाही. पहिल्या महिन्यात दिवसाला आठ-दहा डायपर सहज लागतात. रात्री दोन वाजता पाकीट संपतं. बाळ टाहो फोडतंय, बाळंतीण अर्धवट झोपेत, आणि बाप शोकेससमोर उभा. साठ डायपर हातभर अंतरावर आहेत. तो हात पुढे करतो. कागद चुरचुरतो. आतून सासूबाईंचा आवाज येतो, "त्याला हात नका हं लावू, मावशींनी इतक्या हौसेनं केलाय!" बाप मुकाट्यानं स्कूटरची किल्ली घेतो आणि रात्रभर उघडं असणारं औषधाचं दुकान शोधायला निघतो. घरात साठ असताना गावात दहा शोधत फिरणारा हा बाप मी पाहिलेला आहे. आणि समजा एखाद्यानं बंड करून मोडलाच, तरी साध्य काय? अंधारात एका हातात बाळाचे दोन्ही पाय उचलून धरलेले आणि दुसऱ्या हातानं रबरबँड सोडवायचा, रिबीन उसवायची. तेवढ्यात टाचणी कुठे पडली ते कळत नाही. ती सापडेपर्यंत घरात कुणीच झोपत नाही. सकाळी ती सापडते. कुठे, ते विचारू नका.

बरं, हे सगळं 'न्यू बॉर्न' साइझमध्ये असतं, कारण त्याच्या सुरळ्या नाजूक होतात. पाकिटावर स्वच्छ छापलेलं असतं, पाच किलोपर्यंत. पूर्वी बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, तेव्हा बाळ असायचं तीनेक किलोचं. हल्ली हॉल, केटरर आणि अमेरिकेतल्या मामाचं तिकीट जुळेपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात. बाळ तोवर साडेचारवर पोचतं. म्हणजे भेट दारातून आत येते तेव्हाच तिची मुदत संपत आलेली असते, आणि शोकेसवरच्या कौतुकात उरलेली संपते. एकदा बाळाच्या मांडीला इलास्टिक काचायला लागलं की साठच्या साठ डायपर निकामी. दुकानदार बदलून देत नाही. पाकीट कुठाय, विचारतो.

मग केकचं दुसरं आयुष्य सुरू होतं. मराठी घरातला ब्लाउजपीस जसा कुणाच्याच अंगावर न चढता वर्षानुवर्षं कपाटातून कपाटात हिंडतो, तसा हा केक हिंडतो. कोथरूडचा केक निळी रिबीन लावून डोंबिवलीला जातो. तिथे मुलगी झाली म्हणून रिबीन पुन्हा गुलाबी होते. डोंबिवलीहून नाशिकला, तिथून कुणाच्या तरी डोहाळजेवणाला साताऱ्याला. प्रवासात वरचा मजला कलतो, तो ग्लू गननं पक्का केला जातो. टेडीचा एक डोळा जातो. पायमोज्यांचे गुलाब कोणीतरी गरजू बाप मधल्या मधे काढून घेतो आणि त्या जागी कागदी फुलं येतात. साताऱ्याची मंडळी हुशार, ती केकवर नेटची जाळी चढवतात, त्यामुळे धूळ दिसत नाही. असा तीन-चार बारशी पाहिलेला हा केक अखेर पुन्हा कोथरूडला येतो, त्याच घरी, दुसऱ्या बाळाच्या बारशाला. जिच्यासाठी तो पहिल्यांदा केला होता ती थोरली आता बालवाडीत जाते. ती केककडे बघते आणि विचारते, "आई, हा कापायचा कधी?" घरातले सगळे हसतात, मावशी ओळखीच्या नजरेनं रिबिनीकडे बघतात, आणि म्हणतात, "कुणी केलाय गं? हात छान आहे."

इथवर हसून घ्या. आता एक प्रश्न विचारतो, तो हसत विचारता येत नाही.

डायपर वापरण्याआधी इतका नेटका गुंडाळणारं हे घर वापरल्यानंतर त्याचं काय करतं? तेव्हा कुठे असते ही सुरळी? कुठे जातो रबरबँड? 2016 च्या घनकचरा नियमांतच सरळ लिहिलं होतं, वापरलेला डायपर नीट गुंडाळून, कागदात किंवा पिशवीत बांधून कोरड्या कचऱ्यात द्यायचा. वर्तमानपत्राचं एक पान लागतं. ते कुणाच्यानं होत नाही. तो उघडाच, भाजीच्या देठांबरोबर, आमटीच्या गाळाबरोबर ओल्याच्या बादलीत जातो, आणि सकाळी दारावर कचरा घ्यायला येणारी बाई तो हातानं बाजूला काढते. रोज. प्रत्येक जिन्यात. तिच्या हातात बऱ्याचदा हातमोजेही नसतात, आणि असले तरी तुमच्या बाळाची शी हातात घेणं हे तिचं काम नव्हे. गाडीला उशीर झाला की "आज कचरा न्यायला कुणी आलं नाही" म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर आरडाओरड करणारे हेच लोक. आतल्या जेलनं पाणी शोषून डायपर टम्म फुगलेला असतो, तो मातीत कुजत नाही, जाळला तर प्लास्टिकचा धूर होतो. म्हणजे जाईल तिथे त्रास देणारी वस्तू. तिला कोरी असताना रिबीन, आणि भरल्यावर साधी घडीसुद्धा नाही! मावशी, तुम्हाला गुंडाळता येतं, हे आम्ही पाहिलंय. साठ सुरळ्या केल्यात तुम्ही, एकही सैल नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला केकची कृती शिकवताच आहात, तर पुढचा अर्धा तास याचाही घ्या. भरलेला डायपर आतल्या बाजूनं मिटायचा, कडेच्या पट्ट्या ओढून चिकटवायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळायचा, कचरा घेणारीला कळावं म्हणून वर लाल खूण करायची. प्रमाणपत्र द्यायचंच तर याचं द्या.

एवढं लिहिण्याचं कारण खासगी आहे, ते सांगूनच टाकतो. येत्या रविवारी आमच्याकडे नातवाचं बारसं आहे. वजन पावणेपाच किलो, आणि खाणं चांगलं आहे. येणाऱ्यांनी आशीर्वाद आणावेत. डायपरच आणायचे असतील तर मीडियम आणावेत, पाकीट न फोडलेलं असावं आणि सोबत दुकानाचं बिल असावं.