हवाई अंतर यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. हवाई अंतर,
मुंबई–नागपूर विभाग

विषय: दीड तासाचा खुलासा मिळणेबाबत

महोदय,

मुंबई आणि नागपूर यांमधील हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे. हा आकडा कोणी आकाशात फीत धरून मोजलेला नाही. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन, पृथ्वी 6,371 किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे असे धरून, गोलावरची सर्वांत जवळची वाट गणिताने काढली जाते. या वाटेत घाट नाही, टोलनाका नाही. रेल्वेने हेच अंतर 837 किलोमीटर भरते, समृद्धी महामार्गाने 701. अर्थात समृद्धीची मुंबई भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावीच संपते, तेव्हा दोष एकट्या हवाई अंतराच्या माथी मारता येत नाही.

अंतराला वेगाने भागले की वेळ निघते, असे शाळेत शिकवतात. ताशी 800 किलोमीटरने उडणाऱ्या जेटला त्या हिशेबाने 51 मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपासचा आकडा असतो. ही लबाडी नव्हे. कंपनीचे घड्याळ विमान उभ्या जागेवरून हलले की सुरू होते आणि पलीकडे जागेवर उभे राहिले की थांबते. चढताना-उतरताना वेग कमी असतो आणि ठरलेले हवाई मार्ग सरळ रेषेला फारसे जुमानत नाहीत. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत, म्हणून जमिनीवर रांग आणि आकाशात घिरट्या. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. ते नागपूरला जाताना विमानाच्या पाठीशी असतात, परतताना तोंडावर येतात.

इथवरचा हिशेब मुंबईतल्या चारकोप वसाहतीला मान्य आहे. अडचण पुढची आहे. जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने वसवलेल्या इथल्या सेक्टरांपासून सहार विमानतळाचे टर्मिनल 2 सरळ रेषेत अवघे 13 किलोमीटर भरते. विमान ते एका मिनिटात कापील. रिक्षाला पश्चिम द्रुतगती महामार्गावर, नावात द्रुतगती असूनही, गर्दीच्या वेळी तास-सव्वा तास लागतो. मेट्रोने जावे, तर आधी शेअर रिक्षाने कांदिवली पश्चिमचे स्थानक गाठायचे, अंधेरी पश्चिमला उतरून पुलावरून डी. एन. नगर, तिथून मरोळ नाका आणि तिथून भुयारी मेट्रोने एक स्थानक पुढे. बॅगा सांभाळत तीन मेट्रो होतात. महामार्गाची कोंडी तेवढी टळते. सामान देण्याचे काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून शहाणा प्रवासी तीन तास आधी घर सोडतो. नागपूरचा सोनेगाव विमानतळ शहराला लागून असल्याने तिकडचा भाग लवकर उरकतो. तरीही एकूण पाच तास होतातच. विदर्भ एक्स्प्रेसला रात्र लागते, पण निदान झोप मिळते.

सबब, दीड तास ही विमानाची वेळ आहे, प्रवाशाची नव्हे, हे तिकिटावर ठळक छापावे. त्याखाली 'चारकोप ते सीताबर्डी' असा एक रकानाही ठेवावा, ही नम्र विनंती.

कळावे,
चारकोपचे समस्त हवाई प्रवासी